रस्त्यावरच्या सीटा

सुप्याच्या स्कूटर कारखान्यानं सीटांचं गोदामच बंद केलं. लागतील तेव्हा, लागतील तेवढ्याच सीटा आणि ज्या रंगांच्या क्रमानं गाड्या जोडणीच्या लाईनवर येतील त्याच क्रमानं पाठवायच्या. नगर एमआयडीसीत सीटा बनवणारी निकिता या नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी स्वतःच टेम्पोत बसली.

कामरगावच्या घाटात टेम्पो थांबला. पुढं ट्रॅक्टरमागची उसाची जुगाड ट्रॉली उलटली होती आणि ऊस दुभाजकावरून पलीकडच्या रस्त्यावरही पसरला होता.

"मॅडम, हे लवकर हलायचं न्हाई," ड्रायव्हर परवेझ म्हणाला.

तेवढ्यात सुप्याच्या कारखान्यात लाईन सांभाळणाऱ्या मोनिकाचा फोन आला. "मोजक्याच सीटा उरल्यात गं! लाईन थांबली तर सगळा कारखाना थांबेल."

निकिता उसाच्या ढिगावर चढली. पलीकडं नगरकडं तोंड केलेला एक रिकामा पिकअप नुकताच येऊन थांबला होता.

"दादा, सुप्याला परत फिरता का?" ती ओरडली.

"फिरतो की! कांदा टाकून आलोय, गाडी मोकळीच हाय," पिकअपचा ड्रायव्हर आबासाहेब म्हणाला.

अडकलेल्या एसटीतले प्रवासी उतरले, ऊसतोड मजूर आले. ढिगावरून माणसांची साखळी लागली आणि सीटा हातोहात सरकू लागल्या. आबासाहेब पहिली सीट पिकअपात आत ढकलणार, तोच निकिता किंचाळली, "थांबा! आधी लागणारी सीट तळाशी जाईल! सगळ्या रस्त्यावर ओळीनं मांडा, मग शेवटून भरा!"

पाचटावर सीटांची लांब रांग लागली. निकिता रंग पुकारायची, साखळी तिच्यामागं ओरडायची. "काळी! काळी! लाल!" एक आजी तर नाचतच सीट पुढं देत होत्या. कुणी चुकून निळी सीट मधे घुसवली, तर ती काढायला चारजण एकदम तुटून पडले.

पिकअप भरला. आबासाहेबानं तो असा पळवला की निकितानं दोन्ही हातांनी दांडी धरली.

कारखान्याच्या दारात मोनिका उभीच होती. पहिली सीट तिनं पिकअपातून उचलली ती थेट लाईनवर नेली. काळ्या स्कूटरवर काळी सीट खटकन बसली. पट्टा सरकतच राहिला. निकिताला हसू आवरत नव्हतं.

घाटात अडकलेल्या परवेझचा फोन आला. "मॅडम, पोचल्या का? हितं सगळे इचारत्यात!"

"पोचल्या! लाईन चालूच हाय!"

परवेझनं ते मोठ्यानं सांगितलं असावं. फोनमधून एवढा गलका उठला, की तिला तो कानापासून लांब धरावा लागला.