सुआकिनचा दरवाजा, जेद्दाची भिंत

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला घर नाही. जेद्दाच्या एका हॉटेलात, चहाच्या टेबलांमागच्या भिंतीवर मला शोभेसाठी बसवले आहे. माझ्यामागे खोली नाही, नुसता दगड आहे. तरी पलीकडून थाप पडते. ती कोणाची, हे सांगायलाच मी आज तोंड उघडले आहे.

माझे सागवान हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे. गलबतातून ते लाल समुद्रापलीकडे, सुदानच्या सुआकिन बंदरात गेले. सुआकिन म्हणजे खाडीच्या पोटात वसलेले वाटोळे बेट. घरे प्रवाळाच्या दगडाची, वर पांढरा चुना. मक्केला निघालेले आफ्रिकेतले यात्रेकरू तिथे गलबतात बसत आणि जेद्दाला उतरत. मी एका व्यापाऱ्याच्या घराला लागलो. माझ्या नक्षीचे कौतुक ऐकून, खोटे कशाला बोलू, थोडा शेफारलोही.

त्या घरची एक रीत होती. समुद्रावर निघालेल्याने मेंदीत हात बुडवून माझ्या आतल्या अंगावर ठसा उमटवायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने तो पुसायचा. ठसा आहे तोवर माणूस वाटेवर आहे, असे घरातल्या बायका मानत.

पुढे मोठ्या आगबोटी आल्या. सुआकिनची वाट अरुंद, दोन्हीकडे प्रवाळाचे खडक. म्हणून उत्तरेला नवे बंदर बांधले गेले आणि माणसे हळूहळू तिकडे निघून गेली. प्रवाळाच्या घराला सारखा चुना लावावा लागतो. लावायला कोणी उरले नाही, तशी घरे खाऱ्या हवेत ढासळू लागली. आमचे घर मागे राहिलेल्या थोड्या घरांपैकी. तिथला थोरला मुलगा इद्रिस कामासाठी जेद्दाला निघाला. त्याने ठसा उमटवला तेव्हा धाकटी बहीण बतूल माझी कडी धरून रडत होती. इद्रिस परतला नाही. त्याचे गलबतही परतले नाही. बतूल लग्न होऊन जेद्दाला गेली, भिंती पडल्या, मांजरे तेवढी राहिली. मी मात्र तो ठसा जपत उभा होतो.

अलीकडे कोणीतरी मला उचकटून जेद्दाला आणून विकले. इथे जुन्या शहराची डागडुजी जोरात चालली आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना भाव आला आहे. मी या हॉटेलात, दौलतच्या हाती पडलो. दौलत देवगडचा सुतार, मजुरांच्या कॅम्पात राहणारा, कामाला चोख. गिऱ्हाइकाच्या लाकडावर हाताचा डाग राहता कामा नये, ही त्याला वडिलांची शिकवण. तो तांबूस पंजा त्याला कुणा हमालाचा तेलकट हात वाटला. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि शीळ घालत घासून काढला. मी ओरडलो, पण आमचे ओरडणे करकरण्यासारखेच ऐकू येते. दौलतने बिजागऱ्यांना तेल सोडले.

दुसऱ्याच दिवशी बतूल आली. सुआकिनचा दरवाजा आल्याचे जेद्दात तिच्या कानावर गेले होते. आता ती काठी टेकत चालणारी म्हातारी. माझी कडी तिने डोळे मिटून ओळखली आणि माझ्या आतल्या अंगावर हात फिरवत ठसा शोधू लागली. इद्रिसचा फोटोसुद्धा तिच्याकडे नव्हता. भावाचे म्हणून जे काही उरले होते, ते माझ्याच अंगावर होते. दौलतने कामचलाऊ अरबीत कौतुकाने सांगितले, की डाग त्यानेच काढला. तिने त्याला घरची रीत सांगितली. तो खाली वाकून भुशात तांबूस कण शोधू लागला.

बतूल रडेल असे मला वाटले. तिने त्या गुळगुळीत लाकडावर तळहात टेकला. मग म्हणाली, “ठसा पुसला, म्हणजे तो आला. आता हे दार लावू नका. तो बाहेर उभा राहील.”

हॉटेलचे काम बघणारा इंजिनिअर जयदीप, नाशिकचा. दरवाजा बंद करून भिंतीला स्क्रूने आवळायचा, असे त्याने सांगून ठेवले होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जाईल या भीतीने दौलत एरवी साहेबाला उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

“साहेब, ह्यां दार बंद करून ठोकूचा नाय. येणारो भायर उबो आसा.”

जयदीप हसला. मागे भिंत आहे, येणार कुठून, असे त्याने विचारले. पण दौलतचा चेहरा बघून त्याने स्क्रूचा हट्ट सोडला. तो गेल्यावर दौलतने माझ्यापुढे हात जोडून, गावच्या देवाला हाक मारत, हळू आवाजात गाऱ्हाणे घातले. चूक पदरात घे, म्हणाला, आणि आलेल्याला वाट दे. मग त्याने माझी एक फळी बिजागरीवर मोकळी सोडली. तिथे बोटभर फट राहिली.

बतूल काही दिवस येऊन त्या फटीजवळ बसायची. आता ती येत नाही. फटीत धूळ जाते म्हणून सफाईवाले रोज मला लोटून घट्ट बंद करतात, आणि मग थाप सुरू होते.

मित्रांनो, जुन्या दारावर हाताचा ठसा दिसला तर पुसण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि कधी त्या हॉटेलात चहाला आलात, तर मला थोडे ओढून उघडे करा. मागे दगड आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण इद्रिस इतक्या वर्षांनी घरी आला आहे, आणि मला माझी कडी स्वतःहून काढता येत नाही.