धूसर आलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, रोलवर चालणारा. तुमच्या फोनसारखे हजारो फोटो मला जमत नसत. छत्तीस झाले की माझे पोट भरे. आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे आणि कपाटाच्या वरच्या फळीवर मी पडून असतो. तरी एका फोटोची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे भिंग बसवले आणि तीनदा डोळ्याला लावून पाहिले. पुढे दुकानाच्या काचेआडून माझी मालकीण मला घेऊन गेली. फोटो काढणे हाच तिचा धंदा. लग्ने, शाळांचे वर्ग, ओळखपत्रांवरचे गंभीर चेहरे. लोकांना "जरा हसा" म्हणण्यात आमची सात वर्षे गेली. फोटो पाहून लोक म्हणत, "आम्ही खरंच इतके बरे दिसतो?" त्यातली अर्धी स्तुती मी माझ्या वाट्याला धरत असे.

मग तिला मोठे काम मिळाले. तीन डोलकाठ्यांचे एक जुने शिडाचे जहाज हौशी प्रवाशांना घेऊन समुद्रात फिरे. त्याच्या मालकांना कॅलेंडर काढायचे होते. बारा महिने, बारा फोटो.

पहिले दोन दिवस बोट लागल्यामुळे मालकीण बादलीला मिठी मारून होती. तिला उभे केले ते एका वयस्क खलाशाने. डोळे मिटून कोणतीही गाठ मारत, म्हणून सगळे त्यांना गाठकाका म्हणत. त्यांनी तिला दोराच्या शिडीवर चढायला शिकवले. "दोन्ही हातांनी धरा," ते म्हणत. "फोटोला तिसरा हात कुठून आणायचा, ते तुमचं तुम्ही बघा."

पाचव्या दिवशी लख्ख ऊन होते. कप्तानाने सगळी शिडे उघडायला लावली. मालकीण मला गळ्यात अडकवून पहिल्या आडव्या काठीपर्यंत चढली. गाठकाका तिथे काम करत होते. शीड आवरताना खलाशी या काठीवर पोट टेकतात, आणि त्यांचा सगळा भार पायाखालच्या एका दोरावर असतो.

"बाई, माझा नको, या दोराचा फोटो काढा," काका म्हणाले. त्यांनी बोट दाखवले. "पीळ सुटलाय बघा. कप्तानाला दोनदा सांगितलं. बदलायचा तर शिडं उतरवावी लागतील, अर्धा दिवस जाईल. ते म्हणतात, आज फोटो आहेत, उद्या बघू."

"दोराचा फोटो भिंतीवर कोण लावणार, काका?" मालकीण म्हणाली. "इकडे बघा. जरा हसा."

काका हसले नाहीत, पण त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने माझे भिंग पूर्ण उघडले. तसे केले की चेहरा स्पष्ट येतो आणि मागचे सगळे विरघळते. तिने कळ दाबली.

दुपारी वारा वाढला. शिडे आवरायला काका वर गेले. मालकीण डेकवर बसून माझ्यात नवा रोल भरत होती. माझे पाठीचे झाकण उघडे होते, त्यामुळे मी काही पाहिले नाही. फक्त पडल्याचा आवाज ऐकला. दिवस मावळायच्या आत काका गेले.

तुटलेला दोर कप्तानाने लगेच उतरवला आणि नवा बांधला. जुना समुद्रात गेला. जहाजाच्या नोंदवहीत लिहिले गेले, 'वयामुळे पाय घसरला.' खलाशांनी माना खाली घातल्या. मालकीणही गप्प राहिली.

घरी परतल्यावर तिने रोल धुतला आणि फोटो छापायला घेतले. मी शेजारच्या फळीवर होतो. रसायनात बुडवलेल्या कागदावर आधी काकांचे डोळे आले, मग कपाळ, मग त्यांच्या मागे पुसट दोर. एका जागी तो फुगल्यासारखा दिसत होता. मालकिणीने ओल्या हातांनीच तो कागद दिव्याजवळ धरला.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. मला तिने खांद्याला अडकवले होते. तो माणूस वाईट नव्हता. त्याने भिंगाखाली धरून फोटो नीट पाहिला.

"इथं काहीतरी आहे खरं, पण धूसर आहे," तो म्हणाला. "पीळ सुटलाय की नुसती सावली आहे, हे मी कशावरून लिहू?"

"त्यांनी मला बोटानं दाखवलं होतं."

"मग तुम्ही त्याचाच फोटो का नाही काढला?"

तिने फोटो परत पाकिटात घातला. नोंदवहीतली ओळ तशीच राहिली.

काही दिवसांनी काकांची बायको फोटो बघायला आली. मालकिणीने सगळे सांगितले, स्वतःचे ते "जरा हसा"सुद्धा. काकूंनी फोटो उजेडात धरला.

"ही कपाळावरची आठी काळजीची आहे," त्या म्हणाल्या. "घरी जिन्याचा कठडा हलवून बघायचे, तेव्हा अशीच पडायची. पाय घसरणारा माणूस नव्हता हा." मग थांबून म्हणाल्या, "फोटो मला द्या. दोरासकट द्या. कापू नका."

कॅलेंडर निघाले. लोकांना फार आवडले. मालकिणीने आपली प्रत कधी उघडली नाही. पुढे ती गोदीतल्या कामगारांसाठी फोटो काढू लागली. झिजलेले दोर, मोडके जिने, यंत्रांचे तडे गेलेले पट्टे. भिंग अगदी बारीक ठेवून, म्हणजे जवळचे-लांबचे सगळे स्पष्ट यावे. त्या फोटोंना कुणी सुंदर म्हटले नाही. एखादा जिना दुरुस्त होई, बहुतेक होत नसत. मग तिचे हात थरथरू लागले, रोल मिळेनासे झाले, आणि मी कपाटात आलो.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मी आता म्हणेन की मला पुसा, मला जपा. माझे राहू द्या. माझे भिंग गेले ते गेले. पण काम करणारा माणूस बोट दाखवून "हे बघा" म्हणाला, तर तो दाखवतो तिकडे बघा. आणि उद्या नको, त्याच क्षणी बघा.