वीरण्णाच्या दुकानातले तीन पट्टे

सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं.

सुकन्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ना नवऱ्याला, ना सासूला. नांदेडच्या जुन्या बाजारात, वीरण्णाच्या चामड्याच्या दुकानात ती स्टुलावर बसली होती. पदराखाली पोटावर हात. बंद दाराला कान लावून आत कुणी आहे का ऐकावं, तशी. आठवा महिना होता. वर कंबरपट्टे, बैलांच्या घुंगुरमाळा, हलगीची कातडी लोंबत होती आणि तिचा नवरा आदिनाथ वस्तऱ्याला धार लावायचा पट्टा निवडत होता.

आदिनाथ शाळेत गणित शिकवायचा. दाढी मात्र वडिलांच्या वस्तऱ्यानं करायचा. वडील, ग्यानोबा, गेले, वस्तरा राहिला. सुकन्याला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी सासूनं, कस्तुराबाईंनी, तो पेटीत ठेवायला लावला. बायको गरोदर असताना नवऱ्यानं दाढी करायची नाही, ही त्यांच्या हदगावकडच्या घराची रीत. गेल्या खेपेला आदिनाथनं ती हसण्यावारी नेली होती आणि सातव्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं. तेव्हा कस्तुराबाई एकदाच बोलल्या, ओट्याकडं तोंड करून, "तेवढी दाढी ठेवली असती तर." पुन्हा कधी नाही. पण ते बोलणं भिंतीत गेलेल्या ओलीसारखं घरात राहिलं. त्या दिवसापासून आदिनाथ आरशात फार वेळ बघायचा नाही.

यंदा दाढी छातीला टेकायला आली होती. शाळेतली पोरं मागं 'बुवा' म्हणायची. खुंटीवरच्या जुन्या पट्ट्याला ना हात लागला ना तेल. कातडं वाळून तडकलं. नवं कातडं कितीतरी दिवस तळव्यानं चोळावं लागतं, तेव्हा कुठं ते पात्याला जागतं. म्हणून आत्ता घ्यायचा आणि बारशाला दाढी करायची, असं त्याच्या मनात.

"बारशाचं आत्तापासून बोलून राहिला," पायरीवर बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या. "मी एक झबलं घेऊ देत न्हाई, अन् ह्याला पट्टा पायजे."

"माय, झबलं बाळाचं. पट्टा माझा हाय."

"तुझाच हाय. दाढी बी तुझीच हाय. उद्या तिच्यात चिमणीनं घरटं केलं तर ते बी तुझंच."

वीरण्णा मोठ्यानं हसला. देगलूरकडचा माणूस तो. "अक्का, घरटं व्हायच्या आत देतो पट्टा. सर, वस्तरा आणलाव का? पात्याबिगर कातडं कळत न्हाई."

आदिनाथनं वस्तऱ्याभोवतीचा रुमाल सोडला. कस्तुराबाई ताडकन उठल्या.

"उघडायचा न्हाई!"

"कातड्यावर फिरवतो, माय. गालाला लावत न्हाई."

कस्तुराबाईंनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. पाठ मात्र सगळं ऐकत होती.

पहिला पट्टा म्हशीच्या कातड्याचा. जाड, काळपट. वीरण्णानं त्याचं कडं खिळ्याला अडकवलं, दुसरं टोक आदिनाथनं ताणून धरलं. पात्याची पाठ पुढं, धार मागं. टोकाला गेलं की पाठीवरच वळवायचं. सप्प. सप्प.

सुकन्यानं श्वास रोखला. हे बाळ आवाजाला दचकायचं. कुकरची शिट्टी झाली की लाथ. गल्लीच्या तोंडाशी एसटीनं हॉर्न दिला की लाथ. "कंडक्टर होणार आपला," आदिनाथ म्हणायचा. आता आवाज तिच्यापासून हातभरावर होता.

पोट गप्प. भरल्या रांजणासारखं जड आणि गप्प.

"कसा वाटला?" आदिनाथनं विचारलं.

"दुसरा बघा."

दुसरा बकऱ्याच्या कातड्याचा. मऊ, लोण्यासारखा. पातं त्यावरून नुसतं कुजबुजत गेलं. असल्या आवाजानं कोण जागं होणार? तिनं बोटांनी पोट दाबलं, कडेनं, खालून. काही नाही. उन्हाची तलखी असून तिच्या पायांची बोटं गार पडली. बोलावं का? आता बोललं तर वस्तरा उघडा आहे, त्याच्या हातात आहे. सासू एवढंच बघेल. आणि ह्या खेपेला त्यानं आरसाच फोडून टाकला तर?

मनानं मनालाच समजावलं. झोपलं असेल. बाळं झोपतात.

"तिसरा," ती म्हणाली.

तिसऱ्याला एका अंगानं कातडं, दुसऱ्या अंगानं जाड कापड. आदिनाथनं अंगठा फिरवला, वास घेतला, खूश झाला. "हाच बरा. ऐक." सप्प.

"जोरात ओढा."

"अगं, जोर लावायचा नसतो."

"धार मोडती, ताई," वीरण्णा म्हणाला.

"जोरात. अहो, जोरात ओढा ना." तिचा आवाज मधेच चिरला.

आदिनाथनं दचकून तिच्याकडं बघितलं आणि हात चुकला. पातं तिरपं झालं, कातड्याला लांब काप गेला. कस्तुराबाई वळल्या. कापलेला पट्टा, उघडा वस्तरा, सुनेचं पांढरंफटक तोंड, सगळं त्यांनी एकदम बघितलं.

"हालंना गेलंय," सुकन्या म्हणाली. "सकाळपासून."

कस्तुराबाईंची नजर वस्तऱ्यावर खिळली होती. आता त्या पुन्हा तेच म्हणणार. सुकन्यानं डोळे मिटून घेतले.

"आदी, ते पातं मिट," कस्तुराबाई म्हणाल्या. "रिक्षा बघ. पळ!"

रिक्षात बसल्यावर कळलं, आदिनाथच्या मुठीत कापलेला पट्टा तसाच होता. वीरण्णा मागून ओरडत होता, "न्या सर, न्या! आधी पोरीचं बघा!" रिक्षावाला खड्डे चुकवत होता. दर खड्ड्याला सुकन्याला वाटायचं, आत्ता लाथ बसेल. बसायची नाही.

"सकाळपासून म्हणलीस," कस्तुराबाई बोलल्या. कुणाशी, ते कळेना. "सकाळी तर वस्तरा पेटीत होता. मीच झाडलं तिथं. पेटीतच होता."

आदिनाथनं मान वर केली. डोळ्यांतलं पाणी त्याच्या दाढीतून ओघळत होतं.

"मग मला का सांगितलं न्हाईस गं?" कस्तुराबाई सुनेकडं वळल्या.

सुकन्याला खोटं सुचेना. "तुम्ही ह्यांना बोल लावाल म्हणून, आत्याबाई."

कस्तुराबाईंनी आपला खरबरीत हात तिच्या पोटावर ठेवला आणि हळूच, दळायला बसल्यासारख्या डुलत, म्हणू लागल्या:

*बाळ माझं गुणाचं गं, दार लोटुन बसलं,*
*हाका मारिते आजी, कोण कोणावं रुसलं...*

पुढची ओळ त्यांना येईना. त्याच दोन ओळी दवाखाना येईपर्यंत फिरत राहिल्या.

डॉक्टर मनस्विनीबाईंनी पोटावर गार जेल लावलं आणि यंत्र टेकवलं. खरखर. नुसती खरखर, वाळल्या कडब्यातून वारा जावा तशी. यंत्र सरकलं. पुन्हा खरखर. सुकन्यानं पलंगाची कड धरली. मग खोल कुठंतरी टपटप, टपटप. आदिनाथ भिंतीला टेकला. पण टपटप मधेच मंदावली, विझायला आली, पुन्हा सावरली.

"ठोके आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "पण दमतायत. नाळ आवळली असावी. वाट बघायची नाही. लगेच काढू."

"आठव्यातच?" सुकन्या म्हणाली. "जगेल?"

"मी आत्ता वचन देत नाही. वेळेत आलात, एवढं सांगते."

पुढचं तिला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पांढरे दिवे. पाठीत सुई. हिरव्या पडद्यापलीकडं कुणीतरी ओढतंय, दुखत नाही, फक्त ओढतंय. मग शांतता. रडणं ऐकू येईना. तिला ओरडायचं होतं, मारा त्याला, जोरात मारा, आवाजाला उठतं ते. ओठ हलले नाहीत. आणि मांजराच्या पिल्लाएवढा, रागावलेला, बारीक आवाज आला.

मुलगी होती. काचेच्या पेटीत ठेवली. नाकात नळी, छाती चिमणीसारखी वरखाली. अजून धोका होता; तसं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आदिनाथ काचेपासून हलला नाही.

कस्तुराबाई सुनेच्या उशाशी आल्या. बराच वेळ तिच्या चादरीची कड सरळ करत राहिल्या.

"सुकन्या, भ्या वाटलं की मला सांगत जा," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी मला."

"तुम्ही ओरडाल."

"हाव, ओरडीन. तोंडच तसं हाय माझं." त्यांनी नाक पुसलं. "तू तरी सांग."