धाग्यांचा डबा

"आयुष्यभर लोकांची मशिनं दुरुस्त केलीत. एक दिवस एक मशीन घरच्या कामाला आलं, तर आभाळ कोसळणार आहे का?"

उस्तादांची बायको कारखान्याच्या दारात उभी होती. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा, भिंतीला ओळीनं टांगलेले स्क्रूड्रायव्हर. टेबलावर सोनोग्राफीचं मशीन उघडं पडलं होतं, प्रवासाच्या बॅगेएवढं. चार वाजता ते दवाखान्यात परत द्यायचं होतं.

"अजून तपासायचं राहिलंय," उस्ताद म्हणाले. सगळे डॉक्टर त्यांना उस्तादच म्हणत. घरात ते नाव निघे ते फक्त टोमण्यात.

"काल तर म्हणालात, झालं म्हणून. उस्तादांचं काम एका दिवसात बिघडलं वाटतं!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून प्रोबचं कव्हर बसवत होती. पोटावर फिरवतात तो प्रोब, साबणाच्या वडीएवढा. त्याच्या केबलमधल्या केसासारख्या तारा वाकून वाकून तुटल्या होत्या आणि चित्रात मधोमध काळा पट्टा येत होता. त्या अकरा तारा भिंगाखाली सुनेनंच जोडल्या होत्या. पहिल्या मुलीच्या, चिऊच्या, बाळंतपणानंतर घरात जीव रमेना, म्हणून ती इथे येऊन बसू लागली, आणि वर्षभरात बारीक सोल्डरिंग उस्तादांनी तिच्याकडेच सोपवलं. त्यांचा हात आता कापायचा, तिचा कापत नसे. आज मात्र एकच स्क्रू ती तिसऱ्यांदा फिरवत होती.

तिला पाचवा महिना लागला होता.

"नुसतं बघायचंय," बायकोनं आवाज खाली आणला. "चिऊ शाळेत गेलीय. मी दार लावून घेते. कुणाला कळणार आहे?"

"बघितल्यावर काय करायचं, तेही ठरवलंयस ना?"

"मी एकटीनं नाही ठरवलं. तुमचा मुलगा सकाळी काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"ऐकलं. 'मी काही म्हणत नाही' म्हणाला."

"मग? त्याचा अर्थ लावायला उस्ताद असावं लागत नाही." ती सुनेकडे वळली. "मी काय तुझी वैरीण आहे का गं? चिऊ माझ्या अंगाखांद्यावर वाढली. पण दोन-दोन पोरींना काय सोल्डरिंग करून उजवणार आहात?"

सुनेनं स्क्रू खाली ठेवला.

उस्तादांनी खालच्या फळीवरून एक डबा काढला. पारदर्शक, आत घट्ट जेली आणि तिच्यात सारख्या अंतरावर ताणून बसवलेले सहा नायलॉनचे धागे. प्रोब त्यावर टेकवला आणि मशीन ठीक असलं, की पडद्यावर एका रेषेत सहा ठिपके उमटत. बाकीचे मेकॅनिक स्वतःच्याच पोटावर प्रोब फिरवून मोकळे होतात. डॉक्टर चेष्टा करत, "उस्ताद, एवढं पोट सुटलंय, त्याचा तरी उपयोग करा की!" पण उस्तादांनी कित्येक वर्षांत जिवंत अंगाला प्रोब लावला नव्हता. कायद्याला भिऊन असतील, असं सुनेला वाटायचं.

सहा ठिपके उमटले. टाचणीच्या टोकाएवढे, स्वच्छ. काळा पट्टा पार गेला होता.

आता सबब उरली नव्हती. पण सबब तयार करता येत होती. एक तार ओढायची, पट्टा परत येईल, दिवस निघून जाईल. तार मग दवाखान्यातच जोडून देता येईल; उद्या मशीन घरात नसेल. त्यांचा हात चिमट्याकडे गेला. तेवढ्यात त्यांची नजर सुनेवर गेली. ती ठिपके मोजत होती. दोन दिवस मान मोडून केलेलं तिचं काम होतं ते. उस्तादांनी चिमटा जागच्या जागी ठेवला.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "हिनं फार सुरेख केलंय काम. पण मी ते हिच्या पोटाला लावणार नाही. एकदा लावलंय, तेवढं पुरे."

"अहो!" बायको एकदम म्हणाली. "तो विषय कशाला?"

"आज काढायलाच हवा." ते सुनेकडे बघून बोलू लागले. "तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर हिला दिवस गेले होते. माझी आई म्हणायची, एक डोळा हा डोळा नव्हे, एक मुलगा हा मुलगा नव्हे. मी असंच दुरुस्तीला आलेलं मशीन घरी आणलं. डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून चित्र वाचायला नुकताच शिकलो होतो. हिला झोपवलं आणि बघितलं. मुलगी होती. आणि तुला खरं सांगतो, पोरी, मला आनंद झाला. मुलगी आहे म्हणून नाही. मला ओळखता आलं म्हणून. आतल्या खोलीत जाऊन आईला सांगितलं, ते परीक्षेचा निकाल सांगावा तसं. चौथ्या दिवशी हिला दवाखान्यात घेऊन गेले."

खोलीत मशीनचा पंखा तेवढा फिरत होता. सुनेनं हात लांब करून मशीन बंद केलं.

"चोवीस वर्षं झाली त्याला," उस्ताद म्हणाले.

"तिला तेवीस," बायको म्हणाली.

"काय?"

"तेवीस झाली असती. गेल्या मार्चमध्ये."

उस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत तिनं हा विषय एका शब्दानं काढला नव्हता आणि विचारायचं त्यांच्यानं झालं नव्हतं. बायकोनं स्टूल ओढलं. ती बसली.

"मला कुणी विचारलं होतं का तेव्हा?" ती म्हणाली. आवाजात भांडण होतं, पण ते कुणाशी, हे तिलाही कळत नसावं. "तुमच्या आईनं नाही, तुम्ही नाही. मला वाटलं, असंच असतं. मी गेले, तशी हीही जाईल."

"आई," सून पहिल्यांदा बोलली. "मलाही अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा की."

बायकोनं पदरानं नाक पुसलं. मग चारचौघांत उसनं मागावं तशा अवघडल्या स्वरात म्हणाली, "काय हवंय गं तुला?"

"जे आहे ते. आहे तसं."

"आणि माझा मुलगा?"

"त्यांचं मी बघते संध्याकाळी. काही म्हणत नाही म्हणालेत ना? मग आता म्हणू नका, म्हणून सांगते."

बायकोला हसू आवरलं नाही. रडणं आणि हसणं एकदम आलं, की माणूस शिंकल्यासारखा आवाज करतो, तसा तिनं केला. "नवऱ्याला जड जाणार आहेस तू," ती म्हणाली.

तीन वाजले. तपासणीच्या कागदावर खाली सही लागते. इतकी वर्षं ती उस्तादच करत. आज त्यांनी कागद सुनेकडे सरकवला. "काम तुझं, सही तुझी." तिनं सही केली, थोडी मोठीच झाली. मशीन पेटीत बसवलं, कड्या लावल्या आणि सवयीनं ती पेटी उचलायला वाकली.

"ठेव ती!" बायको ओरडली. "पाचव्या महिन्यात ओझी उचलतेस? कळतं का काही?"

तिनं पदर खोचला आणि पेटीची एक मूठ धरली. दुसरी उस्तादांनी धरली. दारापासून रस्त्यापर्यंत सात पायऱ्या होत्या आणि पेटी जड होती.

"सांभाळून," बायको म्हणाली. "धक्का लागायला नको."

दोघं एकमेकांच्या पावलांकडे बघत, एकेक पायरी उतरू लागले.