सात नंबरची नळी

‘नमुने चौदा, आलेख तेरा. न जुळणारा सातवा लपवला काय?’ आप्पांच्या शेवटच्या शोधनिबंधावर परीक्षकाने असं विचारलं होतं. उत्तर द्यायला आप्पा नव्हते; त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. वडिलांच्या सचोटीवरचा हा डाग तसाच ठेवायचा नाही, एवढं राजश्रीने ठरवलं आणि नळ्यांची पेटी घेऊन ती प्रयोगशाळेत आली.

पेटीत काळबादेवी गावच्या किनाऱ्यावरची काळी वाळू होती. तिच्यातल्या चुंबकी कणांचा पिच्छा आप्पांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. लोखंडाचा स्पर्श नको म्हणून ते वाळू करवंटीने उपसत आणि पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, पसरून सावलीत वाळवत.

आता तिथलं चुंबकी कण ओळखणारं ईपीआर यंत्र सांभाळणारा ऋत्विक त्यांचाच विद्यार्थी. “एकदा मी स्टीलचा चमचा घातला वाळूत. सर म्हणाले, ‘श्रीखंड वाढायचंय काय?’” तो हसला आणि त्याने सातवी नळी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडली.

सूक्ष्मलहरी सुरू झाल्या. चुंबकाचा जोर हळूहळू चढत गेला. कणांमधले इलेक्ट्रॉन ज्या जोराला लहर शोषतात, तिथे पडद्यावरची रेघ उसळून खाली येते. त्यावरून कणांची जात कळते. तेरा नळ्यांच्या रेघा एका वळणाच्या होत्या. ही मात्र दुप्पट उंच, डावीकडे सरकलेली.

ऋत्विकने ती रेघ बाकीच्या तेरांशेजारी ठेवून पाहिली. मग हळूच म्हणाला, “ताई, ही वाळू कधीतरी चांगली तापलीय.”

राजश्रीने घरी फोन लावला.

“ती होय गो!” आई म्हणाली. “चार दिवस ऊन नाही, ह्यांची वाळू वाळेना. ते बाजारात गेले तेवढ्यात बिडाच्या तव्यावर घेतली नि रव्यासारखी परतून दिली.”

“आप्पा काय म्हणाले?”

“‘वा, खमंग झाली!’ का गो, बिघडलं काय?”

“नाही, आई.”

संध्याकाळी तिने आप्पांची वाळवणाची वही काढली. त्या तारखेखाली दोनच ओळी होत्या. ‘७ वगळला. तापल्याने कण बदलले. चूक माझी. वाळू पुन्हा आणणे.’ पुन्हा जायला मात्र तब्येतीने सवड दिली नव्हती.

रविवारी मायलेकी काळबादेवीला गेल्या. आईने न सांगता बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. “हे काढायला लावायचे मला,” ती म्हणाली, आणि करवंटी घेऊन वाकली.

आठ दिवसांनी नवी सातवी नळी यंत्रात गेली. रेघ इतर तेरांसारखीच निघाली, साधी आणि बुटकी. ऋत्विकने पडद्याला हात जोडले.

राजश्रीने परीक्षकाला दोन्ही आलेख पाठवले. पहिला का वगळला, या प्रश्नाखाली तिने लिहिलं: ‘वाळवताना नमुना तापला. चूक लेखकाची.’