लोहाराने मरायचं नव्हतं

माझा नवरा ऑर्व्हिल वीस वर्षं गोळ्या खाऊन मरतोय आणि त्या मरणावरच आमचं घर चाललंय. टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांत त्याच्याइतकं छान कुणी मरत नाही म्हणे. डोंबल! एकदा मेलेला चेहरा त्या मालिकेत वर्षभर चालत नाही. मग दुसऱ्या स्टुडिओचे उंबरठे झिजवा, दुसऱ्या शेरीफच्या हातून मरा.

म्हणून लोहाराचं काम आलं तेव्हा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. पहिल्या भागात दरोडेखोराची गोळी लोहाराच्या दंडाला लागणार होती, पण तो उभाच राहणार होता आणि पुढे दर आठवड्याला घोड्यांना नाल ठोकणार होता. त्याच मालिकेचे कपडे मी शिवते. त्याचा चामड्याचा ॲप्रन मी दुहेरी शिवणीने शिवला, सगळं वर्ष टिकावा म्हणून.

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम. गोळीचा आवाज म्हणून मी पॅनकेकचा तवा कलथ्याने बडवायची, तो दंड धरायचा आणि धाडकन पडायचा.

"अरे, उभा राहा ना!"

"गुडघेच ऐकत नाहीत गं, डोरीन."

"गुडघ्यांना सांग, पुन्हा बेकार व्हाल."

शेवटी जमलं. तवा वाकला, पण ऑर्व्हिल उभा राहिला. त्या दिवशी आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

शूटिंगला चॅट्सवर्थच्या खडकांत पोचलो. दिवसभर घोड्यांनी वेळ खाल्ला आणि लोहाराची पाळी आली तेव्हा ऊन खडकांच्या मागे चाललं होतं. दिग्दर्शक प्रुइट ओरडला, "एकदाच घेणार! उजेड गेला की संपलं!"

पिस्तूल वाजलं. ऑर्व्हिलने दंड धरला. मग त्याचा हात सुटला, तो गर्रकन वळला, एका गुडघ्यावर टेकला आणि इतक्या सावकाश धुळीत आडवा झाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊठ मेल्या, ऊठ, असं मी मनात ओरडत होते.

"कट! वा! हेच ठेवू," प्रुइट म्हणाला.

मी धावले. "साहेब, लोहार मरत नाही!"

"आता मेला. सूर्य परत आणतेस का?"

"आणि पुढच्या भागात?"

"त्याचा भाऊ येईल गावात. लोहारच."

ऑर्व्हिल कपडे झटकत आला. "भावाचं काम मीच करतो की, साहेब. मिशी लावतो."

"तुझा चेहरा मेला, बाबा. सगळा देश बघणार आहे." प्रुइटने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण काय मेलास रे!"

परतताना गाडीत ऑर्व्हिल हळूच म्हणाला, "चांगला पडलो ना गं?"

मला त्याला चालत्या गाडीतून ढकलावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, चांगलाच पडला होता.

सोमवारी भाऊ आला. कोवळा, किडकिडीत. ॲप्रन त्याच्या अंगावर लोंबत होता, म्हणून लहान करायला माझ्याकडेच पाठवला. मी उसवायला बसले, पण दुहेरी शिवण काही केल्या उसवेना. सुई दोनदा बोटात घुसली.

"बाई," तो हसत म्हणाला, "इतकं पक्कं कुणासाठी शिवलं होतं?"

"माझ्या नवऱ्यासाठी," मी म्हणाले आणि शिवणीला कात्री लावली.