मला चकचकीत केले तो दिवस

मी एक जुना सांधा आहे. गुडघ्याचा नव्हे, विमानाच्या पंखातला. विमाने दुरुस्त करतात त्या हँगरमधली माणसे मला फिटिंग म्हणतात. दोन तळहात जोडावेत एवढा माझा आकार, अंगाला चार भोके आणि कडेला ठोकलेला एक लांबलचक नंबर. मित्रांनो, तुम्ही विमानात खिडकीशी बसून पंखाकडे टक लावून बघता, पण मी काही तुम्हाला दिसत नाही. मी झाकणाआड असतो. विमान उतरू लागले की पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा खाली सरकतात, त्या मात्र तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतली एक झडप मी पंखाला धरून ठेवत असे. वारा ती ओढायचा आणि मी सोडायचो नाही. एवढेच माझे काम.

स्वभावाने मी पहिल्यापासून काळजीखोर. शेजारचे चार बोल्ट मला हसत. पण माझा जन्मच असा झाला की काळजी लागणारच. आधी मला तापवून दाबयंत्राखाली चेपले, मग कातले, मग भोके पाडली. एका कारागिराने प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवले आणि शेजारच्याला सांगितले की इथे जरा जरी खरखर राहिली तरी पुढे इथूनच भेग सुटते. तो सहज बोलून गेला. मी मात्र ते वाक्य आजतागायत विसरलेलो नाही.

भेग म्हणजे काय, ते सांगतो. एखादी तार तुम्ही हाताने वाकवून पाहिली असेल. एकदा वाकवली, काही होत नाही. दहादा वाकवली, तरी काही होत नाही. मग कधीतरी ती हातातच तुटते. धातूही थकतो, मित्रांनो. तो कुरकुर करत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. विमान एकदा चढले आणि उतरले की मी एकदा ताणलो आणि एकदा सैल झालो. दिवसातून सहा वेळा, वर्षानुवर्षे.

म्हणून आमच्यासाठी कडक नियम केलेले आहेत. ठरावीक उड्डाणे झाली की झाकण उघडायचे, माझ्यावरचा रंग औषध लावून काढायचा आणि मला तपासायचे. भेग सापडली तर ती बुजवायची नाही, सांधायची नाही, भाग बदलायचा. शिवाय जो साफ करतो त्याने स्वतः तपासायचे नाही. आमच्याकडे साफ करायचे मामा आणि तपासायची त्यांची भाची.

मामा हे हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. खरे म्हणजे ते मामा एकीचेच. त्यांच्या बहिणीची मुलगी शिकून तिथे तपासनीस म्हणून लागली, तीही मामांचेच बघून. ती मामा म्हणायची, आणि बघता बघता साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच म्हणू लागले. मामांनीच मला पंखात बसवले होते. झाकण उघडले की ते माझ्यावर बोटाने टकटक करत आणि विचारत, "काय, बरं आहे ना?" असे विचारणारे दुसरे कुणी मला भेटले नाही.

मामांची एक खोड होती. कळकट काही दिसले की त्यांना चैन पडायचे नाही. तपासणी झाली, सह्या झाल्या, की ते मला पुसून, रंग देऊन असे काही करून ठेवत की बघणारा म्हणे, मामांच्या हाताखालून गेलेली वस्तू नवीकोरी दिसते. त्या कौतुकाने मामा खूश व्हायचे आणि खोटे कशाला सांगू, मीही व्हायचो.

पुढे वर्षे गेली. माझ्यासारख्या भागाकडे कुणाचे लक्ष जाते? झाकण बंद, आत अंधार. आणि एके दिवशी विमान टेकताना माझ्या तिसऱ्या भोकाच्या कडेला बारीकसे काहीतरी टचकले. केसाएवढी भेग. बोल्टांना सांगितले तर ते म्हणाले, तुझे नेहमीचेच आहे.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. पुढची तपासणी तीनशे उड्डाणांवर होती. मी एकेक मोजू लागलो. झडप खाली जायची, वारा ओढायचा, आणि भेग किंचित पुढे सरकायची. वर एकशे सत्तर माणसे बसलेली असायची. कुणी झोपलेले, कुणी पट्टा कधी सोडायचा याची वाट बघणारे. मला ओरडता येत नव्हते. मी फक्त धरून राहिलो.

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. सकाळी झाकण उघडले, उजेड आत आला आणि मामांचा चेहरा दिसला. माझ्या जिवात जीव आला. मामा मात्र मला बघून नाराज झाले. माझ्या अंगावर तेलकट काळे थर साचले होते, रंगाचे पोपडे निघाले होते. मामांच्या निवृत्तीला अकरा दिवस राहिले होते. आणि आपल्या हाताने बसवलेला हा भाग असा घाणेरडा, आता भाची येऊन बघणार.

औषध लावले की दोन तास थांबावे लागते, आणि त्याचा वास डोक्यात जातो. विमान संध्याकाळी सहाला जायचे होते. मामांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातून बारीक पॉलिश पेपर काढला आणि मला घासायला घेतले.

मित्रांनो, हीच ती गोष्ट जी कधी करायची नसते. मी मऊ धातूचा. घासले की माझा वरचा थर पसरतो आणि भेगेच्या तोंडावर त्याची साय धरते. आत भेग तशीच, वरून तोंड बंद. मामांना हे ठाऊक नव्हते असे नाही. नियम त्यांना पाठ होता. पण इतकी वर्षे काही झाले नाही, आज काय होणार, असे त्यांना वाटले असावे. ते घासत होते आणि माझ्या काळजाचे पाणी होत होते. पंधरा मिनिटांत मी आरशासारखा झालो. मामांनी टकटक केली आणि म्हणाले, "आता कसा!"

दुपारी भाची आली. तिने माझ्या अंगावर लाल रंगाचे पातळ औषध लावले आणि घड्याळ लावून थांबली. भेग असली तर ते औषध आत शिरून बसते. मग तिने मला पुसले आणि पांढरी पावडर फवारली. आत लाल मुरलेले असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मी मनातल्या मनात जीव तोडून सांगत होतो, तिसरे भोक बघ, तिसरे भोक. पण लाल औषध आत शिरलेच नव्हते. पांढरे पांढरेच राहिले.

भाचीने भिंग लावले. ती कामात फार सावकाश, त्यावरून तिची चेष्टाही व्हायची. भोकाजवळ बारीक आडव्या रेषा होत्या. तिने त्या पाहिल्या, मग मामांकडे पाहिले.

"मामा, हे औषधानंच काढलंत ना?"

"मग काय," मामा म्हणाले.

ज्यांचे बोट धरून ती या कामात आली, त्यांना खोटे कसे पाडणार? तिने कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली. "सफाई औषधाने केली. घासकाम केलेले नाही." मग पेन थांबवून ती म्हणाली, "हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मामा. तुमच्या शब्दावर लिहितेय."

मामा हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते. तिने सहीसाठी पेन टेकवले. मला वाटले, संपले सगळे.

"खोड ते," मामा म्हणाले. "मी पॉलिश पेपर मारलाय."

"का?"

"तू बघणार होतीस. कळकट दाखवायची लाज वाटली."

मग साहेब आले. साहेब चिडले ते साहजिकच होते. पावडरीत काही दिसत नाही, विमान सहाला जायचे आहे, आणि मामांसारख्या माणसाचे नाव शेवटच्या अकरा दिवसांत कशाला खराब करायचे, असे ते बराच वेळ समजावत राहिले. भाचीने सगळे ऐकून घेतले आणि विजेवर चालणारे तपासणी यंत्र मागवले. त्याला पेन्सिलीएवढी दांडी असते. ती धातूवरून फिरवली की आतले कळते, वरून कितीही साय धरलेली असो. पहिल्या भोकाशी काटा हलला नाही. दुसऱ्याशी नाही. तिसऱ्याशी तो ताडकन उजवीकडे गेला. साहेब फोनकडे वळले आणि सहाचे विमान रद्द झाले.

मला वाटले, सुटलो. पण मामांकडे लक्ष गेले आणि माझी काळजी परत सुरू झाली. दुसऱ्या मेकॅनिकने बोल्ट सोडवून मला बाहेर काढेपर्यंत तीन तास गेले. ते तीन तास मामा टॉर्च धरून उभे होते आणि एक शब्द बोलले नाहीत. शेवटी भाचीने मला त्यांच्या हातात दिले. वरची साय काढून उघडी केलेली भेग दाखवली. ती नखाएवढी लांब झाली होती. मामांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि ते खाली बसले.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात. तेही मी घासूनच दिलं होतं."

भाचीने विमानाचा नंबर विचारला. मामांनी तो न अडखळता सांगितला. म्हणजे तीन तास तो त्यांच्या ओठांवर होता. तिने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिले. ते विमान साडेचारला उडाले होते. तासाभरापूर्वी, मामा टॉर्च धरून उभे असताना. आणि त्या तपासणीच्या कागदावर सही भाचीची होती, मामांच्या शब्दावर केलेली.

तिने धावत जाऊन साहेबांना सांगितले. साहेबांचे धाबे दणाणले, पण या खेपेला त्यांनी वाद घातला नाही. वैमानिकाला निरोप गेला की पुढच्या शहराला जाऊ नका, परत इथेच या, सगळ्यात जास्त लांबीची धावपट्टी घ्या आणि झडपा पूर्ण खाली सोडू नका.

आम्ही हँगरच्या दारात उभे राहिलो. मी मामांच्या मुठीत होतो. त्यांचा तळहात घामाने भिजला होता, आणि त्यांच्या नाडीचे ठोके मला लागत होते. मला त्या दुसऱ्या सांध्याची काळजी वाटत होती. त्यालाही ओरडता येत नसेल. तोही फक्त धरून बसला असेल. भाची मामांच्या शेजारी होती, पण हातभर अंतर ठेवून. मामा एकदाच म्हणाले, "साडेचारच्या आधी बोलायला हवं होतं मी." तिने होकारार्थी मान हलवली.

विमान दिसले. झडपा पूर्ण सोडलेल्या नसल्याने ते नेहमीपेक्षा जास्त वेगाने आले, टेकले, आणि थांबता थांबेना. अग्निशमनाच्या दोन गाड्या त्याच्यामागे पळाल्या. धावपट्टी संपत आली तेव्हा कुठे ते थांबले. भाचीने तेव्हा हातभर अंतर ओलांडून मामांचा दंड धरला. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होते आणि ते पुसायचे त्यांना सुचत नव्हते.

त्या विमानाच्या सांध्यातली भेग भोकापासून जवळजवळ कडेपर्यंत पोचली होती. झडपा पूर्ण सोडल्या असत्या तर काय झाले असते, याचा हिशेब मांडायला कुणी बसले नाही.

चौकशी झाली. मामांचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि उरलेले दिवस त्यांनी हत्यारांची गाडी ढकलली. भाचीलाही समज मिळाली, कारण न पाहिलेले तिने लिहिले होते. आता झाकण उघडल्या क्षणापासून तपासनीस तिथे उभा हवा, असा नियम झाला आहे. मामांच्या बहिणीने घरी लेकीला विचारले म्हणे, मामाचं नाव कागदावर चढवायलाच हवं होतं का. मामांनीच मध्ये पडून सांगितले की तिने नाही चढवले, मीच सांगितले.

मित्रांनो, मी आता पंखात नाही आणि पुन्हा कधी जाणारही नाही. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. ज्या वस्तू तुमचे ओझे धरून ठेवतात, त्यांच्याकडे अधूनमधून नीट बघा, त्या कळकट दिसल्या तरी बघा. चकचकीत दिसण्याची मला मुळीच हौस उरलेली नाही. आणि हातून चूक झाली तर ती वेळेवर सांगा, आणि पूर्ण सांगा. मामा माझ्यापुरते सांगून थांबले असते, तर त्यांना पुढे कुणीही काही विचारले नसते.

चौकशीसाठी मला साहेबांच्या टेबलावर ठेवले होते. मामांच्या शेवटच्या दिवशी निरोपाचे भाषण झाले नाही. ते निवृत्तीच्या कागदांवर सही करायला आत आले आणि टेबलावरचा कागदांचा गठ्ठा त्यांना दिसला. परत फिरवलेल्या त्या विमानातल्या प्रवाशांच्या तक्रारी होत्या. त्यांनी विचारून गठ्ठा हातात घेतला आणि खुर्चीवर बसून एकेक वाचू लागले. कुणाचे लग्न चुकले होते. कुणाची मुलाखत हुकली होती. एका आजोबांनी चार पाने भरून लिहिले होते की असला बेजबाबदार कारभार आपण उभ्या जन्मात पाहिला नाही. मामांनी चारही पाने वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. भाची त्यांना शोधत आली आणि दारात थांबली.

"शिव्या घालतायत," मामा तिला म्हणाले. "म्हणजे सगळे घरी पोचले."